कोपरापर्यंत हात

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं हसलात, त्याचं उत्तर म्हणून हे लिहिते आहे. फोनवर मला नीट भांडता येत नाही. पडद्यावर तुमची तोंडं मध्येच थिजतात आणि माझं वाक्य अर्धं राहतं. कागदावर मला कोणी तोडू शकत नाही.

विषय लक्षात असेलच. मोठीच्या मुलाला, म्हणजे माझ्या पणतूला, सहावं संपलं आणि त्याला एक भुताचा व्हिडिओ गेम हवा आहे. वर्गातले सगळे खेळतात म्हणे. मोठीने विचारलं, आजी, देऊ का? मी विचारलं, त्यात आहे काय? एक मुलगा घराच्या तळघरात अडकतो, किल्ल्या शोधत फिरतो, आणि त्याच्या मागे काहीतरी लागलेलं असतं. पण रक्त नाही, असं तिने कुठेसं वाचलं होतं, म्हणजे लहानांना चालेल. तेवढ्यात धाकटा म्हणाला, "आजी, ताई तर दिग्रसला जिनिंगमध्ये बसून असलेच गेम खेळायची. काय झालं तिला?" आणि मोठी म्हणाली, "खरंच की. मला काही झालं नाही. मला तर काही आठवतसुद्धा नाही." मग तुम्ही हसलात.

मोठे, तुला आठवत नाही, कारण तुला आठवू नये म्हणून घरातल्या मोठ्या माणसांनी इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं. त्यात मीही होते. आता तू तुझ्या मुलाबाबत त्याच जागी येऊन उभी आहेस, म्हणून मी तोंड उघडते आहे. हे तुझ्यासाठी आहे. धाकट्याने वाचावं आणि गप्प बसावं.

तू तेव्हा पहिलीत होतीस. तुझे आईवडील पुण्यात, दोघांच्या नोकऱ्या नव्या, धाकटा अजून रांगत होता, म्हणून तू दिग्रसला माझ्याकडे होतीस. मी शाळेत इंग्रजी शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. तुझे आजोबा आधीच गेले होते. तू दहावीपर्यंत माझ्याजवळच शिकायचं, असं मी ठरवलं होतं आणि तुझ्या आईने ते कबूलही केलं होतं. आपल्या घरात मी आयुष्यभर इतरांच्या ठरावांवर चालले. हा एक ठराव माझा होता. तो टिकतो की नाही, एवढंच त्या वर्षी माझ्यापुरतं पणाला लागलं होतं.

घर दोघा भावांचं. आजोबांच्या मागे कर्तेपण माझ्या दिराकडे आलं. तू त्यांना आबा म्हणायचीस, मी भाऊजी. शेत तेच पाहायचे, पण त्यांचं खरं नाव होतं ते जिनिंगमधले, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातले, ग्रेडर म्हणून. शेतकऱ्याची गाडी फाटकातून आत आली की कापूस चांगला की वाईट, हे तेच सांगायचे. वरच्या कापसाला ते हात लावत नसत. शर्टाची बाही वर सारायची, गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस ओढून काढायचा आणि दोन चिमटींत धरून त्याचा तंतू ताणून पाहायचा. वर पांढराशुभ्र आणि खाली भिजवलेला किंवा किडका कापूस घालून आणणारे असतातच. भाऊजींच्या हाताला ते कळायचं. त्यांनी 'पास' म्हटलं की व्यापारी दुसऱ्यांदा बघत नसे. दिग्रसमध्ये या एका गोष्टीसाठी लोक त्यांना वाकून नमस्कार करायचे, आणि त्यांना ते आवडायचं.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. आपल्या जिल्ह्याचं नाव तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत का छापून येत होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यावर मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, की मोठ्या माणसांच्या डोक्यात इतकी भीती भरली होती, की लहान मुलाची भीती कोणाला खरी वाटत नव्हती. जिनिंग त्या हंगामात सुरूच झालं नाही. भाऊजी घरी बसले. भाव पडलेला, म्हणून आपला सगळा कापूस विकायचा थांबला आणि मधल्या खोलीत येऊन पडला. खिडकीच्या वरपर्यंत. बैठकीतून स्वयंपाकघरात जायला त्या ढिगाच्या कडेने एक पायवाट तेवढी ठेवली होती. अंगाला खाज सुटायची, डाळीत तंतू निघायचे. तू मात्र खूश होतीस. शाळेतून आलीस की दप्तरासकट ढिगावर उडी. तुझ्या केसांतला कापूस काढणं हे माझं संध्याकाळचं काम होतं.

बंद जिनिंगच्या रिकाम्या गोदामात मालकाच्या धाकट्या मुलाने कॉम्प्युटर आणून मांडले. खिडक्यांच्या काचांना आतून काळा रंग दिला आणि तासावर गेम खेळायला देऊ लागला. नागपुराहून सीड्या आणायचा. त्या नुसत्या तबकड्या, वर पेनाने काहीतरी खरडलेलं. असल्या खेळाच्या डब्यावर तो किती वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी आहे ते छापलेलं असतं. दिग्रसला डबा पोहोचलाच नव्हता, तर छापलेलं कोण वाचणार?

त्यातल्या एका गेमवरून गल्लीतल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. भुताचा आहे, पोरं बघतात, चालेल का? आणि आता आपल्या गावाची गंमत बघ. या बायका माझ्याकडे आल्या नाहीत. मी जन्मभर मुलं शिकवलेली. त्या गेल्या भाऊजींकडे. का, तर ते ग्रेडर. माल पास-नापास करणारा माणूस घरात रिकामा बसलेला असताना दुसऱ्या कोणाला कशाला विचारायचं? आणि भाऊजींनीही असं म्हटलं नाही, की बायांनो, मला कापसातलं कळतं, यातलं नाही. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांचं मत मागितलं होतं. त्यांनी धुतलेला शर्ट घातला, तुला सोबत घेतलं आणि निघाले.

तिथे काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. ते बाकावर बसले, तू मांडीवर. पडद्यावर एक मुलगी हातात कंदील घेऊन एका मोठ्या घरात आईला शोधत फिरत होती. परदेशातलं घर. फुटलेल्या खिडक्यांतून बर्फ आत येऊन खोल्यांत ढीग साचलेले. रक्त नाही, सुरा नाही, काही नाही. तू विचारलंस, आबा, हे पांढरं काय? बर्फ आबांनी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "कापूस हाये. आपल्या घरावानीच हाये पाय. भेतं कायले?" एवढं बघून ते उठले. बाहेर बायका वाट पाहत होत्या. त्यांना म्हणाले, रगत नाही, शिवी नाही, लेकरं खेळू द्या. गाडी पास.

संध्याकाळी मी त्यांना विचारलं, की शेवटपर्यंत पाहिलंत का. ते म्हणाले, "वहिनी, तुमी मास्तरीण. तुमाले जिथंतिथं परीक्षाच दिसते." आणि ओट्यावर जमलेल्या बायका हसल्या. मी तेव्हाच भांडायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मी भांडले. शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय पोरीला पाठवणार नाही, असं मी म्हणाले. भाऊजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, की या घरात त्यांनी पास केलेला माल नापास करणारं कोणी जन्मलेलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तुला गल्लीतल्या मोठ्या मुलींबरोबर गोदामात धाडलं.

काही दिवस तू जात राहिलीस. मग एका दुपारी खेळ पुढे सरकला. कंदीलवाली मुलगी एका खोलीत शिरली आणि समोरचा पांढरा ढीग हलला. त्यातून एक हात बाहेर आला. मग दुसरा. आणि नेमकी वीज गेली. तेव्हा भारनियमन होतं, वीज रोजच जायची. काळ्या काचांच्या त्या गोदामात एकदम अंधार झाला. मोठ्या मुली मजेत किंचाळल्या आणि हसत बाहेर आल्या. त्यातल्या एकीने, ती सातवीत होती, दुसऱ्या दिवशी जाऊन तो गेम पुरा केला आणि घरी येऊन पोटभर जेवली. तिला बर्फ काय ते भूगोलात शिकवलं होतं, आणि तिच्या घरात कापसाचं बोंडही नव्हतं. तू मात्र तिथून उठून आपल्या घरी आलीस, आणि घरात तो ढीग होता.

तू काही सांगितलं नाहीस. लहान मुलं सांगत नाहीत, हे ज्याला मूल आहे त्याने आधी समजून घ्यावं. तू फक्त मधल्या खोलीतून जाणं सोडलंस. जेवायला हाक मारली की बैठकीतून निघून बाहेरच्या गल्लीतून वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात यायचीस. मोरीही तिकडेच, आणि अंधार पडला की वळसा घालायलाही घाबरायचीस, म्हणून लघवी धरून ठेवायचीस. एकदा फ्रॉक ओला झाला तेव्हा मी तुला जवळ घेऊन विचारलं. तू म्हणालीस, "आजी, ते आत हाये."

मी तुला हाताला धरून ढिगापाशी नेलं. तू म्हणालीस, "हात घाल." मी हात घातला, बाहेर काढला, रिकामा हात दाखवला. "अजून आत." मी कोपरापर्यंत घातला. "अजून." मी खांद्यापर्यंत त्या कापसात गेले. मग तू माझा पदर धरून, भिंतीला पाठ घासत, त्या पायवाटेने गेलीस. त्यानंतर प्रत्येक वेळी हेच. पाणी प्यायला जायचं तरी आधी माझा हात ढिगात.

मी भाऊजींना सांगितलं, कापूस काढा. ते म्हणाले, पोरीच्या खुळापायी पडत्या भावात माल देऊ? भाव चढला की निघेल. मी म्हणाले, मग तिला सांगा की तुम्ही खोटं बोललात, तो कापूस नव्हता. ते म्हणाले, "लाड करून राह्यले तुमी. एका मिनिटात भेव काढतो तिचं." आणि त्यांनी तुला बोलावलं.

तू आलीस, कारण आबांचा हात गावात सगळ्यात खात्रीचा, हे तुलाही माहीत होतं. तू त्यांना म्हणालीस, "आबा, तुमी हात घाला." त्यांनी बाही सारली, हात आत घातला, आणि डोळे मोठे करून ओरडले, "माहा हात धरला वं पोरी! धरला!"

गंमत केली. त्यांच्या मते ती गंमत होती. ते हसत वळले तोवर तू रस्त्यावर होतीस. त्या दिवसापासून तू घरात आली नाहीस. ओट्यावर जेवलीस, ओट्यावर अभ्यास केलास, आणि दिवेलागणीला शेजारच्या घरात जाऊन झोपू लागलीस. मी तुझ्यासोबत तिथे जाऊन झोपले. स्वतःचं घर समोर असताना.

मग मी भाऊजींना गोदामात नेलं. भर दुपारी, गल्लीच्या डोळ्यांसमोरून. ते येत नव्हते. मी ओट्यावर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊजी, गाडी अजून उभी आहे. तुम्ही वरची मूठ पाहून पास केली. या, आता कोपरापर्यंत हात घाला." ते वाक्य त्यांना बोचणार, हे मला माहीत होतं. बोचावं म्हणूनच मी ते बोलले.

मालकाच्या मुलाला मी सांगितलं, जिथे भाऊजी उठून गेले तिथून लाव. त्याने लावलं. आवाजही पूर्ण ठेवायला लावला. तो आवाज वाचून कळत नाही, कोणाकडून ऐकून कळत नाही, त्यासाठी तिथे बसावं लागतं. एक जोराचा श्वास, इतका जवळ, की तो आपल्याच मानेवर पडतो. मग ती खोली, तो ढीग, ते हात. हातांमागून एक बाई वर आली, आणि तिचं तोंड बर्फाने भरलेलं होतं. मुलगी पळते तर दार बंद. मागे बघायचं नाही ठरवलं तरी खेळच मान मागे वळवतो.

भाऊजींनी बाकाची कड धरली होती. ते म्हणाले, "बंद कर." मग मालकाच्या मुलावर उखडले, "मले हे काहून नाही दाखवलं?"

तो म्हणाला, "काका, मी थांबा म्हनलं होतं. तुमीच उठून गेलते."

परतताना ते माझ्या पुढे चालत होते. दाराशी थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, बर्फ असा असते हे मले का मालूम." माहीत नव्हतं, तर माहीत नाही म्हणायचं होतं. तेवढं एक वाक्य त्यांना सुचलं नव्हतं, आणि त्याची किंमत तू मोजत होतीस.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रॅक्टर बोलावला आणि सगळा कापूस आहे त्या भावात काढून टाकला. खोली स्वतः झाडली. तुला ओट्यावरून हाक मारली, "ये पोरी, पाय, रिकामं हाये सारं." तू घराच्या उंबऱ्यापर्यंत आलीस, तिथूनच बैठकीपलीकडच्या मधल्या खोलीत डोकावलीस आणि विचारलंस, "दाराच्या मागं?" भाऊजींनी पाना आणला, बिजागऱ्या सोडवल्या आणि मधल्या खोलीचं ते जड सागवानी दार एकट्याने उचलून माळ्यावर चढवलं. आता दाराला मागची बाजूच नव्हती. तू पाहिलंस. पण आत आली नाहीस.

तुझी आई आली. तिने तुला ओट्यावर जेवताना पाहिलं आणि मला म्हणाली, "आई, मी तुमच्या भरवशावर ठेवली होती." मी भाऊजींचं नाव घेतलं नाही. ते बैठकीत होते, त्यांनीही घेतलं नाही. वार्षिक परीक्षा झाली आणि ती तुला घेऊन गेली. तुला सांगण्यात आलं, की पुण्यात इंग्रजी शाळा चांगली आहे. तुला इंग्रजी शिकवायला घरात मी होते, मोठे. तू शाळेसाठी गेली नाहीस. तू या घरात राहू शकत नव्हतीस, म्हणून गेलीस. "मला काही झालं नाही" हे वाक्य तू रविवारी उच्चारलंस, ते मी ऐकून घेतलं. पुन्हा ऐकून घेणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. मी भुतांच्या विरोधात नाही. तुला मीही भुतं सांगितली आहेत. पण सांगताना तुझं तोंड मला दिसायचं. तू पदर धरलास, की मी भुताला शिंक आणायची आणि ते पळून जायचं. यंत्राला मुलाचं तोंड दिसत नाही. म्हणून ते तोंड बघायला तू तिथे बसायचं, दुसऱ्या खोलीत फोन घेऊन नाही.

आणि त्याआधी तो गेम तू स्वतः खेळ. शेवटपर्यंत, आवाज लावून, एकटी. रक्त नाही हे मला सांगू नकोस. आपल्या गेममध्येही नव्हतं. कुठल्या तरी अनोळखी माणसाने तो पास केला, हेही सांगू नकोस. त्या माणसाला तुझं घर माहीत नाही. परदेशातल्या तुझ्या घराला तळघर आहे. कपडे धुण्याचं यंत्र तिथे आहे, त्याच्या खेळण्यांची कपाटं तिथे आहेत, हिवाळाभर तो तिथेच खेळतो, हे तूच मला कौतुकाने दाखवलंस. खेळातलं भूत तळघरात आहे. खेळ बंद केल्यावर तो मुलगा जाणार कुठे? मोठा होऊ दे. भीती वाटली तर ती हसून झटकता येईल, आणि नाही झटकता आली तर तुला तोंडाने सांगता येईल, इतका मोठा. मग खेळू दे, मी काही म्हणणार नाही. आज विचारशील तर माझं उत्तर नाही, असं आहे. वर्गातले सगळे खेळतात तर खेळोत. त्या सगळ्यांची तळघरं मी पाहिलेली नाहीत.

आणि तरी गेम दिलासच, आणि मग एक दिवस तो तळघराच्या जिन्याशी थांबून तुला म्हणाला, की आधी तू जाऊन बघ, तर त्याला हसू नकोस. जा आणि बघ. तो म्हणेल तितक्या आत जाऊन बघ. आणि काही झालं तरी, ओरडून गंमत करू नकोस.

भाऊजींना जाऊन बरीच वर्षं झाली. त्या गोष्टीबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही, आणि मी त्यांना माफही केलेलं नाही. गोदाम पाडलं, तिथे आता दुकानं आहेत. मधली खोली आहे. तिच्यात आता गव्हाच्या कोठ्या असतात. दार अजून माळ्यावर आहे, आणि चौकट मोकळी आहे.